दुधाळ इंजेक्शनच्या बारा बाटल्या

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करणार होतो. पण खरं सांगायचं तर मी ती आठवत नाही, ती आपणहून येते. सकाळी चुलीवर दूध तापत असलं, त्यावर साय धरायला लागली, की येते. मग मी स्वयंपाकघरातून उठून ओट्यावर जाऊन बसतो. बायको विचारते, काय झालं. मी म्हणतो, उकडायलंय.

मी सातवीपर्यंत शिकलो. त्यातही एकदा नापास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. लोक मात्र शेवटपर्यंत जमादारच म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. माझ्या हाताखाली बीए, बीएस्सी झालेली माणसं होती. पंचनामा लिहायला बसली की ती माझ्याकडं बघायची. याचा मला अभिमान होता. तो लपवण्यासारखा आहे असं मला कधी वाटलं नाही.

नोकरीच्या मधल्या काळात मी भेसळीच्या दुधाचं एक प्रकरण धरलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी मी नुसत्या बोटांनी ओळखलं होतं. थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि नख तिरपं करायचं. चांगलं दूध मागं पांढरी रेघ सोडत सावकाश उतरतं. पाणी असलं तर पळतं. मग दोन बोटांत चोळायचं, म्हणजे साबण कळतो. अहवाल आला तो माझ्या बोटांसारखाच आला. तेव्हापासून परभणी जिल्ह्यात मला दूधवाले जमादार म्हणायला लागले. नवीन आलेला अधिकारीसुद्धा ओळख करून देताना तेच म्हणायचा. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे, म्हणून हे सांगितलं.

कोरोनाची दुसरी लाट होती. माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. आमचे मोठे साहेब पॉझिटिव्ह निघून घरी पडले होते, त्यामुळं त्या आठवड्यात ठाण्याचा चार्ज माझ्याकडं होता. कोरोनातून उठलेल्या शुगरच्या माणसांना तेव्हा काळी बुरशी व्हायला लागली होती. नाकातून, जबड्यातून वर चढायची आणि डोळा घ्यायची. तिच्या इंजेक्शनचा सगळीकडं तुटवडा. वायरलेसवर रोज सूचना यायची, बनावट इंजेक्शनवर लक्ष ठेवा.

माझा एक जुना खबऱ्या होता. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डात साफसफाईचं काम करायचा. शनिवारी सकाळी तो सायकलवर ठाण्यात आला आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, लय मोठं प्रकरण हाय. इंजेक्शनात दूध मिसळायलेत."

"कशावरून?"

"डोळ्यांनं बघितलं की. बुरशीचंच इंजेक्शन. एका पेशंटचं सिस्टर बाईनं पाण्यात मिसळलं तर निस्तं पिवळं, आरपार दिसणारं. शेजारच्या बाईचं मिसळलं तर गढूळ, दुधावानी. नाव दोन्हीवर एकच! ह्या बाईचा नवरा मास्तर हाय. त्यो आज दुपारी नांदेडहून आणखी आणायलाय, मोटारसायकलवर. थर्माकोलचा डबा असंल बघा."

खबऱ्या खोटं बोलत नव्हता. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. आजही मी त्याला दोष देत नाही. पण 'दूध' हा शब्द त्यानं माझ्यासमोर काढला, आणि मला वाटलं, हे प्रकरण माझ्यासाठीच आलंय. जाता जाता एखादं असं प्रकरण हातून व्हावं अशी फार इच्छा होती.

परभणीच्या अलीकडं एका फाट्यावर नाकाबंदी लावली. दुपारी बाराच्या सुमाराला गुरुजी आले. पन्नाशीचा माणूस, अंगात पांढरा सदरा, गळ्यात पंचा, मागच्या सीटवर दोरीनं बांधलेला थर्माकोलचा डबा आणि डब्यावर ओलं पोतं. मी हात केल्याबरोबर गाडी थांबवली. पळणारा माणूस आधी रस्त्याच्या कडेला बघतो, हे मी चाळीस वर्षांत शिकलो होतो. गुरुजींनी कडेला बघितलं नाही, मागं वळून डब्याकडं बघितलं. ते माझ्या नजरेनं टिपलं होतं. मी त्याचा अर्थ उलटा लावला.

ठाण्यात आणलं. दोन पंच बोलावले, एक किराणा दुकानदार आणि एक डेअरीवाला. डेअरीवाला मी मुद्दाम बोलावला. गावातला एक बातमीदार नाकाबंदीवर होताच, तोही मागून येऊन बाकड्यावर बसला. मी त्याला जा म्हणालो नाही.

"काम काय करता?"

"जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे साहेब. तो डबा तेवढा उन्हात ठेवू नका."

"डब्याचं मी बघतो. माल कुठून आणला?"

"माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादेत औषधाच्या दुकानात आहे. तो नांदेडपर्यंत घेऊन आला. दवाखान्यातला साठा काल संपला. सरकारी कोटा यायला चार-पाच दिवस लागतील म्हणाले. तोवर ह्या बारा बाटल्यांवर दोन-तीन दिवस निघतील."

"बिल?"

"मोबाईलवर आहे, दाखवतो."

"मोबाईलवर माझा नातू वाघाच्या गळ्यात हात घालून उभा राहतो, मास्तर. कागद दाखवा, कागद."

शिपाई हसले. गुरुजींनी खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मी ती वाचली नाही. इंग्रजीत होती.

मी एक बाटली काढली. तळाला पिवळी पावडर होती. अॅल्युमिनियमचं झाकण चाकूनं उचकटलं, माठातलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं आणि पावडर त्यात ओतली. गुरुजी उभे राहिले, हात पुढं केला, आणि शिपायानं त्यांना खांदा धरून खाली बसवलं. ग्लासातलं पाणी पिवळट, गढूळ झालं. दुधाळ. मी ग्लास उजेडात धरला. खबऱ्याचं खरं निघालं होतं. एक थेंब नखावर घेतला, नख तिरपं केलं. मागं रेघ सोडत उतरला. मग दोन बोटांत चोळला. बोटाला स्निग्ध लागलं.

"घ्या, तुम्हीपण बघा," मी डेअरीवाल्याला म्हणालो. त्यानंही चोळून बघितलं.

"हाय की जमादार साब. फॅट हाय."

एवढं झाल्यावर मी खुर्चीत मागं रेलून बसलो. "बोला मास्तर. औषधात फॅट कशाला लागतंय?"

गुरुजी शांतपणानं बोलायला लागले. वर्गात बोलत असावेत तसं. "साहेब, फॅटच आहे. तुमचं बरोबर आहे. हे औषध फार कडक असतं. बुरशी मारतं, पण जाता जाता किडनीपण मारतं. साधं इंजेक्शन असतं ते पाण्यात आरपार दिसतं. ते हिला आधी दिलं होतं. चार दिवसांत किडनी बिघडायला लागली, म्हणून डॉक्टरांनी बंद केलं. यात औषध तेच आहे, पण चरबीच्या बारीक बुडबुड्यांत भरलेलं. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर एका ओळीत मावतील. त्याला नॅनो म्हणतात. बुडबुडा रक्तातून जातो, वाटेत किडनीला फारसा धक्का लावत नाही आणि बुरशीपाशी जाऊन औषध सोडतो. चरबीचे बुडबुडे पाण्यात पसरले म्हणजे दुधासारखंच दिसणार ना?"

"आणि त्या बुडबुड्याला कोण सांगतं, बाबा इथं उतर, तुझं गाव आलं म्हणून? कंडक्टर असतो का आत?"

पुन्हा सगळे हसले. बातमीदारही हसला. गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुम्ही छाप्याला जाता तेव्हा वर्दी घालून जाता का साहेब? साध्या कपड्यांत जाता. गल्लीतून जाताना कुणाला कळत नाही. आरोपीपाशी पोचल्यावर ओळख दाखवता. तसं समजा."

आता जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ते त्याच क्षणी समजलं. साध्या कपड्यांत छापे घालण्यात माझी अर्धी नोकरी गेली होती. याच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नसतं. माझ्या बोटांनीही मला खरं तेच सांगितलं होतं, चरबी आहे म्हणून. समजलं, आणि समजलं म्हणूनच मी चिडलो. समोर पंच बसले होते, शिपाई हसत होते, बाटली मी फोडून बसलो होतो, आणि एक शाळामास्तर मला माझ्या खात्याचं उदाहरण देऊन शिकवत होता.

"मला खात्याचं काम शिकवू नका मास्तर," मी म्हणालो.

"डॉक्टरांना एक फोन लावा साहेब. एकच."

लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्या दिवसांत डॉक्टर एका घंटीत कुठं सापडणार? दुसऱ्यांदा मी लावला नाही.

आमच्या ठाण्यात एक हवालदार बाई होत्या, बीएस्सी झालेल्या. जप्तीची यादी त्याच लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी एक बाटली उचलून चष्म्याजवळ धरली.

"साहेब, यावर लिहिलंय. दोन ते आठ अंशांत ठेवा. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये फ्रीज आहे, त्यात ठेवू या का? सील करूनच ठेवू."

"मुद्देमाल फ्रीजमध्ये? उद्या वकील कोर्टात विचारील, जमादार, ठाण्यात दही लावलं होतं का?"

"मी जबाब देईन साहेब."

"तुम्ही यादी लिहा बाई."

सील करण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. पांढरं कापड, त्यावर सुताचा दोरा उभा-आडवा, मेणबत्तीवर वितळवलेली लाख, आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का. कोर्टात माझ्या सीलवर कधी शंका निघाली नाही. त्या दिवशीही मी मन लावून बांधलं. डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या ओल्या होत्या, त्यानं कापड भिजलं असतं. म्हणून मी त्या कापून अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायला लावल्या. यादीत लिहिलं, रिकामा थर्माकोलचा डबा एक. बाटल्या अकरा. फोडलेली एक.

पार्सल मालखान्यात गेलं. मालखाना म्हणजे ठाण्याच्या मागची खोली. वर पत्रा, एक खिडकी, तीही बंद. आत हातभट्टीचे डबे, बेवारस मोटारसायकली, सट्ट्याच्या वह्या. मे महिना होता. परभणीचा मे ज्यानं काढलाय त्याला त्या खोलीबद्दल आणखी काही सांगायला नको.

औषध निरीक्षकांना कळवायचं होतं. फोन करता आला असता. पण मी रीतसर पत्र केलं, जावक क्रमांक टाकून. पत्र शनिवारी संध्याकाळी कार्यालयात पोचलं तेव्हा कार्यालय बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार.

गुरुजींना संध्याकाळी नोटीस देऊन सोडलं. बायको दवाखान्यात एकटी होती, त्यांनी तिकडं जायला पाहिजे होतं. ते गेले आणि रविवारी सकाळी परत आले. लिंबाखाली बसून राहिले. दर तासाभरानं दारात यायचे आणि एकच विचारायचे, "थंड ठेवलंय ना साहेब?"

स्वतःबद्दल एकदाही विचारलं नाही. गुन्हा दाखल होईल का, नोकरी जाईल का, काही नाही. चोर स्वतःचं विचारतो. हे मी नव्या शिपायांना शिकवत आलो होतो. त्या दिवशी मला ते दिसत होतं आणि मी मान खाली घालून डायरी लिहीत होतो.

"व्यवस्थित ठेवलंय," मी म्हणायचो.

त्याच रविवारी पेपरात फोटो आला. टेबलावर ओळीनं मांडलेल्या बाटल्या, मागं मी, आणि बाजूला तोंडाला पंचा लावलेले गुरुजी. 'दूधमिश्रित बनावट इंजेक्शनचा साठा पकडला.' नाव छापलं नव्हतं, पण गावाचं छापलं होतं, आणि जिल्हा परिषदेचा शिक्षक असंही. त्या गावात पुरुष शिक्षक ते एकटेच. तो पेपर मी घरी नेला आणि घडी करून गादीखाली ठेवला.

सोमवारी दुपारी निरीक्षक मॅडम स्कूटीवर आल्या. वय फार नसेल. आल्या आल्या पाणीही न घेता पार्सल मागितलं. मी सील दाखवलं, त्यांनी सीलकडं बघितलंसुद्धा नाही, कातरलं. बाटलीवरचा क्रमांक वाचून कंपनीला फोन लावला. गुरुजींच्या मोबाईलवरचं बिल बघितलं. दवाखान्यात फोन लावला, उचलला नाही, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा डॉक्टर बोलले. वीस मिनिटांत सगळं संपलं. दोन दिवस मी जे धरून बसलो होतो ते वीस मिनिटांचं काम होतं.

"माल अस्सल आहे," त्या म्हणाल्या. गुरुजी दारात उभे होते, त्यांचा चेहरा उजळला. मग मॅडमनी बाटली गालाला लावून बघितली. "हे कुठं ठेवलं होतं?"

"मालखान्यात."

त्या उठून मागं गेल्या. मीही गेलो. मालखान्याच्या दारातच त्या थांबल्या. आतली वाफ तोंडावर आली तशा एक पाऊल मागं सरल्या.

"जमादार, औषध खरं होतं. आता हे पेशंटला देता येणार नाही."

"पण दिसायला तर तसंच आहे, मॅडम."

"दिसायला तसंच राहतं. उष्णतेनं आतले ते कण फुटले असतील, एकमेकांना चिकटले असतील, किंवा काही झालंही नसेल. नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच देता येत नाही."

गुरुजी मागं येऊन उभे होते ते आम्हाला दिसलं नव्हतं. ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, मी आता जाऊ का?" आणि टेबलाजवळ जाऊन तो रिकामा थर्माकोलचा डबा काखेत मारला. दुसरीकडं कुठं मिळतं का बघायला डबा लागणार होता. माझ्यासमोरून निघून गेले. अकरा बाटल्यांचं पार्सल मी पुन्हा बांधलं, लाख लावली. हवालदार बाई मेणबत्ती धरून होत्या.

दुसरीकडं मिळालं नाही. सरकारी कोटा गुरुवारी आला. तोवर बुरशी वर गेली होती. गुरुजींच्या बायकोचा जीव वाचला. डावा डोळा आणि वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. हे मला हवालदार बाईंनी सांगितलं, त्या स्वतःहून दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. मी विचारलं, वेळेवर मिळालं असतं तर डोळा राहिला असता का? त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात, राहिला असता, किंवा नसताही. मी पुढं कितीतरी दिवस त्या 'नसताही'ला धरून झोपत होतो.

बातमीदारानं एकदा विचारलं, "जमादार साहेब, त्या इंजेक्शनचं पुढं काय झालं?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

तपास संपून पंधरा दिवस झाले होते. माल रीतसर पावतीवर गुरुजींना परत दिला होता. तो देतानाही मी समोर राहिलो नाही, शिपायाच्या हातून दिला.

तीन महिन्यांनी माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, हार. वरिष्ठ साहेब नवीन होते, त्यांनी माझ्या कामगिरीचा कागद वाचला. दुधाचं प्रकरण वाचलं. मग वाचलं, कोरोनाच्या कठीण काळात बनावट इंजेक्शनचा साठा पकडून त्यांनी जनतेचे प्राण वाचवले. टाळ्या पडल्या. मी उठून एवढंच म्हणायला पाहिजे होतं, साहेब, ते औषध खरं होतं. एक वाक्य. माझ्या शेजारी बायको बसली होती, समोर सुना-नातवंडं होती. हवालदार बाई मागच्या रांगेत होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मी हार घालून घेतला.

लोक विचारतात, या नोकरीनं काय शिकवलं. चोरांबद्दल जे शिकलो ते सांगून झालंय. स्वतःबद्दल हे शिकलो, की चूक झाल्यावर ती कबूल करायला मला कधी पुरावा कमी पडला नाही. पुरावा पहिल्या तासात मिळाला होता. मी अडाणी आहे म्हणून हे झालं असं कुणी म्हणेल. तसं म्हणू नका, ती पळवाट आहे. अडाणी माणसाला समजत नाही. मला समजलं होतं.

आता शेवटचं सांगतो. मागच्या हिवाळ्यात मी ताडकळसच्या बाजाराला गेलो होतो. चहाच्या टपरीवर तो खबऱ्या भेटला, म्हातारा झाला होता. मला बघून खूष झाला आणि चारचौघांत सांगायला लागला, "हे आमचे दूधवाले जमादार! आमी दोघांनी पकडलंतं ते दुधाचं इंजेक्शन. त्यो मास्तर, तुमच्याच तिकडला न्हाई का." एक जण म्हणाला, "त्यो होय. बायकोच्या नावानं बनावट माल इकायचा त्यो." दुसरा म्हणाला, "अजून शाळंत हाय की. कसा ठेवला कुणास ठाऊक."

इतकी वर्षं झाली. गुरुजींचं गाव तिथून चार किलोमीटरवर. मी चहा अर्धा टाकून मोटारसायकल काढली.

घराच्या अंगणात बाई तूर पाखडत होत्या. डोळ्याला काळा चष्मा, डावा गाल आत गेलेला. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी त्या दवाखान्यात होत्या.

"कुणाकडं आलात भाऊ?" बोलणं थोडं जड होतं, जबड्यात कवळी बसवलेली असावी.

"गुरुजींकडं."

"येतीलच आता. बसा की. पाणी देते."

तांब्या माझ्या हातात असतानाच गुरुजी आले. फाटकातच थांबले. मग म्हणाले, "जमादार साहेब."

बाईंचा सुपावरचा हात थांबला. मी उभा राहिलो. वाटेत चार किलोमीटर जे जुळवलं होतं त्यातलं काही आठवलं नाही. "औषध खरं होतं," मी म्हणालो. "मला तेव्हाच कळलं होतं. मी ते बोललो नाही. माझी चूक आहे."

"ते आम्हाला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. आवाज चढला नाही. "आम्हाला काय सांगता? ज्यांना तुम्ही छापून सांगितलं त्यांना सांगा. लिहून द्या. मोठं लिहा, सगळं लिहा. हसलात तेपण लिहा."

"मला लिहिता येत नाही तेवढं."

"पंचनामे लिहीत होता की."

बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पार्सल होतं. पांढरं कापड पिवळं पडलेलं, सुताचा दोरा उभा-आडवा, लाख, आणि लाखेवर माझा शिक्का. तसंच्या तसं. माझ्या सीलवर कधी शंका निघाली नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

"आमी फोडलं नाही," त्या म्हणाल्या. "वाटलं, ज्यानं बांधलं त्यानं सोडावं. सोडा."

मी खाली बसलो. लाख फुटेना. गुरुजींनी विळा आणून दिला. दोरा कापला. कापडाच्या आत अकरा बाटल्या निघाल्या. बाईंनी त्या अंगणातल्या दगडावर एका ओळीत मांडल्या, पेपरातल्या फोटोत होत्या तशाच. तळाला पिवळी पावडर. रंग जरासुद्धा बदललेला नव्हता.

त्यांनी एक उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"तुमचा हात लय पारखी म्हणून ऐकलंय. बघा बरं, ह्यातलं औषध जिवंत हाय का मेलं?"

मी बाटली हातात घेतली. उजेडात धरली. फिरवली. सवयीनं अंगठा झाकणावर गेला, तो मागं घेतला.

"बघून सांगता येत नाही, ताई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेऊन दगडावर परत ठेवली, आणि सूप ओढून तूर पाखडायला लागल्या.